जॉन लोगी बेअर्ड : एक उद्यमशील जीवन

१३ ऑगस्ट १८८८ रोजी स्कॉटलंडमधील हेलन्सबर्ग येथे जन्मलेले जॉन लोगी बेअर्ड आजारपणाशी आयुष्यभर झुंजले. चहाचे खोके, सायकलच्या दिव्यांची भिंगे, रफूच्या सुया अशा सामान्य वस्तूंतून त्यांनी दूरदर्शन यंत्र साकारले. सर्पिलाकार छिद्रांची फिरती तबकडी दृश्याच्या ३० रेषा करी. त्याच गतीची दुसरी तबकडी त्या पुन्हा जुळवी. २६ जानेवारी १९२६ रोजी लंडनमध्ये शास्त्रज्ञांनी हे दृश्य पाहिले. १९३७ मध्ये इलेक्ट्रॉनिक पद्धतीपुढे हे यंत्र मागे पडले. तरी १९४६ मधील निधनापर्यंत त्यांचे संशोधन थांबले नाही. यंत्रे अनित्यच असतात. सम्यक प्रयत्न मात्र वाया जात नाही. पुठ्ठ्याची तबकडी, लहान मोटर व दिवा घेऊन त्या यंत्राची चालती प्रतिकृती आजही उभारता येते. कुरकुंभच्या आपल्या विद्यार्थ्यांनी हे कार्य अवश्य हाती घ्यावे.