एन-दोरची रात्र

कीशाचा पुत्र शौल हरवलेलीं गाढवें शोधावयास निघाला आणि इस्राएलाचा पहिला राजा झाला. मांत्रिकांस त्यानेंच देशाबाहेर घालविलें. परंतु पलिष्ट्यांचें सैन्य पाहतांच धीर सुटून, वेष पालटून, तो रात्रीं एन-दोरच्या भूतविद्या जाणणाऱ्या स्त्रीकडे गेला. मृत शमुवेलानें प्रगट होऊन त्यास उद्यांच्या मरणाची वार्ता सांगितली. उपाशी राजा कोसळला, तेव्हां त्याच स्त्रीनें घरचें वासरूं कापून त्यास जेवूं घातलें! गिलबोवा डोंगरावर शौल आपल्याच तलवारीवर पडून मेला. पवित्र शास्त्रांत हा दंड त्यालाच सांगितला आहे. तिच्या शिक्षेचा शब्दही नाहीं. आमच्या पिंप्राळ्याच्या उत्तरेस सातपुड्यांत मात्र दंड बायांवरच पडत आला: डाकीण ठरवून मारहाण व छळ. २०१३ सालीं महाराष्ट्रांत त्याविरुद्ध कायदा झाला. यहुदी इतिहासकार योसेफसानें तर एन-दोरच्या त्या स्त्रीच्या दयेची स्तुति केली आहे.