गाडी कंपनीची, चलान कोणाचं?

अभियंता दिनासाठी सर विश्वेश्वरय्यांवर लेख दे असं संपादक मंडळानं सांगितलं, तेव्हा मी लगेच हो म्हणालो. म्हटलं, नेटवरून दोन पानं काढू, इकडचं तिकडं करू, झालं काम! आपल्याला विश्वेश्वरय्या म्हणजे काय माहीत असतं? १५ सप्टेंबर, फेटा बांधलेला फोटो, हार, नारळ आणि भाषण कधी संपतंय याची वाट. पण लेख लिहायला बसलो त्याच आठवड्यात एक चलान आलं, आणि तो फोटो माझ्याकडे जरा रोखूनच बघायला लागला.

झालं असं. सातव्या सेमची इंटर्नशिप मी अंबडच्या एका कंपनीत करत होतो. एका दुपारी सिन्नरला एक फिक्श्चर पोचवायचं होतं. ड्रायव्हर काका अर्धी सुट्टी टाकून घरी गेले होते. माझ्याकडे लायसन्स होतं, म्हणून बोलेरोची चावी माझ्या हातात आली. काम तासाभरात उरकलं. बाहेर मस्त पाऊस, हातात गाडी. रूमवर फोन केला, तिघांना उचललं आणि गाडी घातली पहिन्याच्या धबधब्याकडे. त्र्यंबक रोडला पाय जरा जड पडला. रस्त्याच्या कडेला पोलिसांची कॅमेऱ्याची गाडी उभी होती, ती आम्हाला दिसलीसुद्धा नाही. आम्ही गाण्यांच्या नादात होतो.

चार दिवसांनी कंपनीच्या नंबरवर मेसेज आला. स्पीडिंग, २००० रुपये. ई-चलान गाडीच्या मालकाच्या नावानं निघतं. कॅमेऱ्याला नंबर प्लेट दिसते, स्टिअरिंगवर कोण होतं ते त्याला कळत नाही. त्या दिवशीच्या रजिस्टरला सकाळची सही काकांची होती, त्यामुळे ऑफिसनं धरून चालवलं की गाडी काकांकडेच होती. पैसे त्यांच्या पगारातून कापायचं ठरलं. मी ते ऐकलं. आणि गप्प बसलो.

रात्री होस्टेलवर येऊन लेखासाठी वाचायला घेतलं, तर पहिल्याच पानावर नाशिक! आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे कोण जाणे, पण विश्वेश्वरय्यांच्या नोकरीची सुरुवात आपल्या नाशिकला झाली. मूळचे म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळीचे. वडील संस्कृतचे विद्वान, पण ते लहानपणीच गेले. पुढचं शिक्षण शिकवण्या करत, ओढाताणीत. १८८१ मध्ये बंगळूरला बी.ए. झाले. मग म्हैसूर सरकारची स्कॉलरशिप मिळाली आणि पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत, इंजिनिअरिंगला आले. १८८३ च्या परीक्षेत पहिला नंबर. त्या जोरावर १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या पीडब्ल्यूडीत असिस्टंट इंजिनिअर म्हणून लागले, ते नाशिकला. वय आपल्यापेक्षा एक-दोन वर्षांनी जास्त, बस!

तिथून खानदेशात. धुळ्याजवळ पांझरा नदीतून पाइपचा सायफन टाकायचं काम आलं. पावसाळ्याचे दिवस. काम पावसाळ्यानंतर करावं असं त्यांनी वर कळवलं, तर वरिष्ठांना ते रुचलं नाही. नवीन पोरगा कामाला टाळाटाळ करतोय असा अर्थ निघाला. मग त्यांनी काम हातात घेतलं, पुराशी झुंजत ते पुरं केलं आणि त्याच वरिष्ठांकडून शाबासकी मिळवली. साइटवर गेलेल्यांना कळेल, भर पावसात नदीच्या पात्रात काम करणं म्हणजे काय.

पुढे सिंधमध्ये सक्करला पाणीपुरवठा, मग १८९९ मध्ये पुण्याला सिंचनाचं काम. इथं त्यांनी कालव्याच्या पाण्यासाठी ब्लॉक पद्धत आणली. पाणी थोड्यांच्याच शेतात न मुरता पाळीपाळीनं जास्त गावांना मिळावं, हा हेतू. आणि मग आलं खडकवासला. पावसाळ्यात धरण भरलं की जादा पाणी सांडव्यावरून वाहून जायचं आणि उन्हाळ्यात टंचाई. भिंत उंच करायची तर खर्च मोठा आणि जुन्या बांधकामावर ताण. त्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेलं की दरवाजे आपोआप उघडायचे, खाली आलं की मिटायचे. भिंतीला हात न लावता सुमारे ८ फूट जादा पाणी साठायला लागलं. हे साल १९०३. पुढे ग्वाल्हेरच्या तिगरा धरणावर आणि कावेरीवरच्या कृष्णराजसागरावरही असेच दरवाजे आले.

या डिझाइनचं पेटंट त्यांच्या नावावर होतं. पण काम सरकारी नोकरीत असताना केलेलं, म्हणून सरकारकडून त्याची रॉयल्टी त्यांनी घेतली नाही. इथं मी पुस्तक मिटलं आणि थोडा वेळ पंख्याकडे बघत पडलो. हा माणूस स्वतःच्या डोक्यातून निघालेल्या वस्तूचे पैसे नोकरीच्या काळातले म्हणून सोडतो, आणि मी कंपनीच्या डिझेलवर धबधबा बघून त्याचा दंड काकांच्या पगारात ढकलतोय.

झोप काही येईना. उरलेलं वाचून काढलं. १९०८ ला मुंबई सरकारची नोकरी सोडली. त्याच वर्षी सप्टेंबरात मुसी नदीच्या पुरानं हैदराबाद उद्ध्वस्त झालं. निजामानं त्यांना बोलावलं. उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव त्यांच्याच योजनेतले. १९०९ ला म्हैसूरचे चीफ इंजिनिअर, १९१२ ला दिवाण. त्यांच्या कारकिर्दीत कृष्णराजसागराचं काम झपाट्यानं पुढे गेलं, म्हैसूर बँक निघाली, १९१६ ला म्हैसूर विद्यापीठ आणि १९१७ ला बंगळूरचं इंजिनिअरिंग कॉलेज उभं राहिलं. दिवाण होण्याआधी नातेवाइकांना गोळा करून त्यांनी बजावलं होतं की माझ्याकडे कुणी वशिला घेऊन यायचं नाही. पद सोडायच्या दिवशी राजीनामा द्यायला सरकारी गाडीतून गेले आणि परत येताना स्वतःच्या गाडीतून आले, अशी गोष्ट सांगतात. सरकारी कामाला सरकारी मेणबत्ती आणि घरच्या कामाला घरची, ही दुसरी. आपण शाळेपासून ऐकत आलोय आणि ऐकून हसतही आलोय. त्या रात्री मला हसू आलं नाही.

१९५५ मध्ये भारतरत्न. शंभरी ओलांडून एप्रिल १९६२ मध्ये ते गेले. नागपूरचं आजचं व्हीएनआयटी त्यांच्याच नावाचं.

सकाळी बस पकडून अंबडला गेलो. आधी काकांना गाठलं. गेटवरच सगळं सांगितलं. त्यांनी नुसतं ऐकून घेतलं, एक शब्द बोलले नाहीत. मग साहेबांच्या केबिनमध्ये. साहेबांनी चलानचा फोटो उघडून दाखवला. गाडी, वेळ, जागा, सगळं स्पष्ट. सिन्नरच्या कामाला गेलेली गाडी त्र्यंबक रोडला काय करत होती, हे त्यांनाही खटकलंच होतं. काकांना मात्र अजून कुणी विचारलं नव्हतं, परस्पर पगाराला हात लावला होता. मी तिथंच मोबाइलवरून दंड भरला. धबधब्यापर्यंतचं जाण्या-येण्याचं डिझेल हिशेबानं दिलं. महिन्याचा मेसचा अर्धा खर्च गेला. साहेब रागावले, इंटर्नशिप संपेपर्यंत गाडी मिळणार नाही म्हणाले, आणि ते बरोबरच होतं. काका पुढचे पंधरा दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. तेही बरोबर होतं. कारण चलान भरल्यानं ते दोन दिवस भरून निघत नाहीत, ज्यात मला माहीत होतं आणि मी गप्प होतो.

खडकवासल्याचा तो दरवाजा पाण्याची पातळी बघून आपोआप उघडायचा. तो कॅमेराही आपोआपच फोटो काढतो. पण गाडी मी चालवत होतो हे आपोआप कुणी सांगत नाही, ते आपल्यालाच तोंड उघडून सांगावं लागतं.

उद्या आपल्यातले बरेच जण कंपनीत, पीडब्ल्यूडीत, जलसंपदा खात्यात जातील. कंपनीची गाडी मिळेल, लॅपटॉप मिळेल, सह्यांचे अधिकार मिळतील. तेव्हा आमची ही बोलेरो आठवा. आणि हो, १५ सप्टेंबरला यंदा हार मी घातला. मागच्या रांगेतून रूम पार्टनर ओरडला की पहिन्याला कधी जायचं. या वेळी आम्ही एसटीनं गेलो.