विश्लेषण : डोंगरावरचा पालापाचोळा वाहून जातो कुठे? महात्मा फुले यांनी मांडलेला हिशेब काय होता?

जोरदार पाऊस झाला की उल्हास नदी गढूळ होऊन वांगणी, बदलापूर, कल्याणमार्गे खाडीकडे धावते. त्या पाण्यात माती असते, तसा कुजलेला पालापाचोळाही असतो. शेतकऱ्याचे त्यात काय जाते, हे महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्येच लिहून ठेवले होते.

फुले यांचा शेतीशी संबंध काय?

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी माळी कुटुंबात झाला. वडील गोविंदराव फुले-भाजीपाल्याचा व्यवसाय आणि शेती करत. १८४८ मध्ये जोतीरावांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. पोटापाण्यासाठी त्यांनी बांधकामाची कंत्राटे घेतली, मांजरीला शेती केली. त्यामुळे माती, दगड आणि पाणी ही तिन्ही त्यांच्या रोजच्या व्यवहारातली होती. १८७६-७८ चा भीषण दुष्काळही त्यांनी पाहिला.

‘शेतकऱ्याचा आसूड’मध्ये काय आहे?

डोंगरावरचे गवत, पाने कुजून तयार होणारे सत्त्व पावसाबरोबर शेतात उतरत असे. ते थेट ओढ्यात वाहून गेले तर जमीन नापीक होते, असे फुले सांगतात. पोलीस आणि लष्करातील शिपायांकडून जागोजागी ताली-बंधारे बांधून घ्यावेत, पाणी आधी शेतात मुरावे आणि उरलेले नदी-नाल्याला मिळावे, हा त्यांचा उपाय. तलाव-नद्यांतील गाळ शेतकऱ्यांना फुकट नेऊ द्यावा आणि जंगल खात्याने घेतलेली गायराने परत करावीत, अशा मागण्याही त्यांनी केल्या.

ठाणे जिल्ह्याशी नाते कोणते?

हा ग्रंथ फुले यांनी गावोगावी वाचून दाखवला. त्यांत ठाणे आणि वांगणी होते. ठाण्यात जन्मलेले त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या ‘दीनबंधू’मध्ये सुरुवातीची प्रकरणे छापून आली. पुढची छापणे थांबले, तेव्हा फुले संतापले.

यात कार्बन कुठे आला?

फुले यांनी कार्बनचा विचार केला नव्हता, त्यांना चिंता होती पिकाची. पण मातीच्या ज्या सत्त्वाबद्दल ते लिहितात, त्या सेंद्रिय पदार्थाचा सुमारे निम्मा भाग कार्बनच असतो. पान हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन वाढते. ते कुजले की काही कार्बन हवेत परततो, काही मातीत राहतो. ओढ्यात गेलेला काही भाग पाण्यातले सूक्ष्मजीव खातात आणि तो पुन्हा वायू होतो. काही गाळात, खाडीकाठच्या खारफुटीत साठतो. उरलेला समुद्राला मिळतो.

जमिनीच्या वापराने काय बदलते?

उतारावरची झाडी गेली की उघडी माती लवकर धुपते. ओढ्याला काँक्रीटच्या भिंती घातल्या की पाणी वेगाने निघून जाते, गाळाला काठावर थांबायला जागा उरत नाही. सांडपाणी मिसळले की सेंद्रिय भार वाढतो, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि तळाच्या चिखलातून मिथेन सुटतो. कल्याण-डोंबिवली, ठाण्यासारख्या वेगाने वाढणाऱ्या शहरांत नाल्यांचा प्रश्न म्हणूनच केवळ पूर आणि दुर्गंधीपुरता नाही.

१८८८ मध्ये मुंबईत जनतेने फुले यांना ‘महात्मा’ ही पदवी दिली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. वाहत्या पाण्याला आधी जमिनीत मुरवा, हे त्यांचे सूत्र मृद्संधारणाच्या कामांत आजही वापरले जाते.