यंत्रमानव, हमाल आणि बाबासाहेब

मोठ्या ऑनलाइन कंपन्यांच्या गोदामांत आता चाकांवर पळणारे यंत्रमानव मालाची अख्खी मांडणी उचलून आणतात. अॅमेझॉनने २०१२ साली असे यंत्रमानव बनविणारी किवा कंपनी विकत घेतली; २०२५ मध्ये तिच्या जगभरातील यंत्रमानवांची संख्या १० लाखांवर गेली. मग दवनीवाड्यासारख्या गावांतून नागपूर, भिवंडीकडे खोकी उचलायला जाणाऱ्या आपल्या पोरांचे उद्या काय? उत्तर हवे असेल तर कामगारनेते बाबासाहेब समजून घेतले पाहिजेत.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव परळच्या गिरणगावात, कामगारांच्या चाळीत वाढले. कोलंबिया आणि लंडनला अर्थशास्त्र शिकून आले, तरी गिरणीतला आपला माणूस कुठे उभा आहे हे ते विसरले नाहीत. जादा मजुरीचे विणखाते अस्पृश्यांना बंद होते. कारण काय, तर धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून विटाळ होतो! १९२८ चा मुंबईचा महासंप पेटला तो एका कामगाराकडे जादा माग देऊन बाकीच्यांना घरी बसविण्याच्या योजनेविरुद्ध. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावले, की विणखात्याचा प्रश्नही मागण्यांत घ्या. यंत्राने रोजगार जातो हे खरे. पण जातीमुळे यंत्रापर्यंत पोहोचताच येत नाही, हेही तितकेच खरे होते.

१९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांपुढे त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू दाखवून दिले. अस्पृश्याला स्टेशनवर साधी हमाली मिळत नव्हती, कारण स्टेशन मास्तर हमालाला घरकामालाही राबवीत असे. वर्कशॉपात कारागीर होणे तर दूरच! त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला संपाचा हक्क हिरावणाऱ्या विधेयकाविरुद्ध त्यांनी मुंबईचे कामगार रस्त्यावर आणले.

१९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. तांत्रिक प्रशिक्षण, सेवायोजन कार्यालये यांना या काळात चालना मिळाली. कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती त्यांनीच मांडली. १९४५ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी गांधीजींच्या यंत्रविरोधाचा समाचार घेतला. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते, फुरसतीशिवाय संस्कृती नाही. दोष यंत्राचा नसून यंत्राचा लाभ मूठभरांच्या खिशात घालणाऱ्या समाजरचनेचा आहे, हा त्यांचा विचार होता. म्हणूनच १९४७ मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, असा आराखडा दिला.

१९५४ साली ते भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले. दवनीवाडा तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते; गोंदिया जिल्हा झाला १९९९ मध्ये. काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांनी त्यांना हरविले. ज्याने कामगारांचे तास कमी केले, त्याला कामगार-शेतमजुरांच्या या मुलखातून दिल्लीला जाता आले नाही, ही सल आजही आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा देऊन ६ डिसेंबरला ते गेले.

आज यंत्रे वाढली, मग तास कमी व्हायला हवेत ना? उलट सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांत रोजचे तास ९ वरून १२ पर्यंत नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याची मर्यादा ४८ च ठेवली म्हणतात. पण कंत्राटी कामगार कुणाकडे दाद मागणार?

म्हणून यंत्रमानवावर दगड मारून उपयोग नाही. तो दुरुस्त करणारा, चालविणारा कारागीर आपल्या वस्तीतून निघाला पाहिजे. त्यासाठी आयटीआयच्या जागा, शिष्यवृत्ती आणि कायमची नोकरी मागितली पाहिजे. यंत्राने वाचविलेल्या वेळात कामगाराचा वाटा मागितला पाहिजे. नाहीतर कालचे विणखाते उद्या यंत्रमानवाच्या खोलीत पुन्हा उभे राहील आणि आपण पुन्हा दाराबाहेर असू.