अठराव्या वर्षी ऑलिंपिक मॅरेथॉन धावलेला बेळगावचा फडेप्पा

सीमाभागात शाळांच्या क्रीडास्पर्धा झाल्या की दरवर्षी कुठलं ना कुठलं पोरगं सगळ्यांच्या पुढे पळून जातं. गावात त्याचा सत्कार होतो, पेपरात फोटो येतो. दोन वर्षांनी विचारलं तर तो पोरगा कुठे कामाला लागलाय हेही कुणाला ठाऊक नसतं. अशा गुणी पोराचं पुढे काय होतं, हे समजून घ्यायचं असेल तर शंभर वर्षं मागे जाऊन बेळगावच्या फडेप्पा दारेप्पा चौगुले यांची गोष्ट वाचायला हवी.

फडेप्पांचा जन्म १९०२ चा, बेळगावचा. तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात होतं. पुणे, सातारा, बेळगाव, धारवाड सगळं एकाच कारभाराखाली. फडेप्पा, दारेप्पा ही नावं कानडी वळणाची. चौगुले हे आडनाव कोल्हापूर-सांगलीपासून बेळगावपर्यंत सर्रास सापडणारं. हा मुलगा मराठी की कानडी, असा प्रश्न त्या काळात कुणी विचारत नव्हतं. तो पळतो किती, एवढंच लोक बघत होते.

पळणाऱ्यांना त्या वेळी मोठं व्यासपीठ होतं ते पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचं. १९०६ साली सुरू झालेल्या या संस्थेचे अध्यक्षपद उद्योगपती दोराबजी टाटांकडे आलं. दोराबजी विलायतेत शिकलेले, तिथल्या मैदानी खेळांत रमलेले. मुंबईत परतल्यावर त्यांनी हायस्कुलांची क्रीडा संघटना उभी करायला हातभार लावला होता. शाळेतल्या पोरांना शर्यतीची गोडी लावली की पुढचं आपोआप होईल, हा त्यांचा विचार होता.

जिमखान्याच्या शर्यती बघायला गेलेल्या दोराबजींना मात्र वेगळंच चित्र दिसलं. भाग घेणारी बहुतेक पोरं शेतकऱ्यांची. दिवसभर रानात काम, साधं जेवण आणि शिकवणारा कुणीच नाही. शंभर यार्डांची शर्यतसुद्धा वळणावरून घ्यायचा बेत चाललेला, तोही धावपटूंसाठी वेगळ्या पट्ट्या न आखता. नियम कुणालाच माहीत नव्हते. पण लांब पल्ल्याची शर्यत सुरू झाली तेव्हा हीच पोरं खडीच्या टणक रस्त्यावरून अनवाणी पळत गेली आणि पहिल्या दोघा-तिघांनी दिलेली वेळ युरोपातल्या धावपटूंच्या पंगतीत बसण्यासारखी निघाली.

तिथेच दोराबजींच्या मनात आलं की ही पोरं ऑलिंपिकला गेली पाहिजेत. तिघांचा खर्च स्वतःच्या खिशातून करायची तयारी त्यांनी दाखवली. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनाही कल्पना पटली आणि भारताला ऑलिंपिकमध्ये उतरायची परवानगी मिळवण्यासाठी त्यांची मदत झाली. त्याआधी १९०० साली पॅरिसला नॉर्मन प्रिचर्ड यांनी दोन रौप्यपदकं मिळवली होती, पण ते एकटेच. निवड करून, पैसा गोळा करून पाठवलेला भारताचा पहिला संघ तो १९२० चाच.

पुण्यात निवड झाली आणि सहा जण ठरले. बंगालचे पूर्मा बॅनर्जी १०० आणि ४०० मीटरसाठी. लांब पल्ल्यासाठी फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार आणि कैकाडी. कुस्तीसाठी कुमार नवले आणि रणधीर शिंदे. म्हणजे देशाच्या या पहिल्या संघात बहुसंख्य पोरं आपल्याच मुलखातली! फडेप्पा तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचे. सोबत व्यवस्थापक म्हणून सोहराब भूत आणि डॉ. फैझी. मुंबईहून बोटीनं विलायत, तिथे काही आठवडे सराव आणि मग बेल्जियममधलं अँटवर्प.

२२ ऑगस्ट १९२०. हवा गार, वरून पावसाची रिमझिम. मॅरेथॉनचं अंतर आज ४२.१९५ किलोमीटर ठरलेलं आहे, पण अँटवर्पचा मार्ग ४२.७५ किलोमीटरचा होता. ऑलिंपिकच्या इतिहासातली ती सगळ्यात लांब मॅरेथॉन. एकूण ४८ जण पळाले, त्यातले १३ वाटेतच थांबले. सदाशिव दातारही शेवटपर्यंत पोचू शकले नाहीत.

फडेप्पा पोचले. २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत, १९ व्या क्रमांकावर. हिशेब केला तर दर किलोमीटरला जवळपास चार मिनिटं, आणि तेही बेचाळीस किलोमीटरपेक्षा जास्त, न थांबता. ज्यानं आयुष्यात शास्त्रशुद्ध शिक्षण घेतलं ते फक्त बोटीतून उतरल्यावरच्या काही आठवड्यांत, त्याच्या मागे युरोपातले कितीतरी धावपटू राहिले होते. कुस्तीत रणधीर शिंदे चौथे आले, त्यांचं पदक थोडक्यात हुकलं. बॅनर्जी पहिल्याच फेरीत बाद झाले.

आता त्या शर्यतीत पहिला कोण आला ते बघा. फिनलंडचे हानेस कोलेहमाइनेन. वय ३०. त्यांनी १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदकं आधीच घेतली होती. महायुद्धामुळे १९१६ चं ऑलिंपिक बुडालं, तरी ते पळत राहिले आणि आठ वर्षांनी मॅरेथॉन जिंकले. दुसरे आलेले एस्टोनियाचे लॉसमन २९ वर्षांचे, तिसरे इटलीचे आरी २८ वर्षांचे. मॅरेथॉन हा पक्क्या हाडाचा खेळ आहे. विशी संपून पुढची सात-आठ वर्षं अंग मुरावं लागतं. आज तर वीस वर्षांखालच्या खेळाडूला ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये उतरूही देत नाहीत.

कोलेहमाइनेन आणि फडेप्पा यांच्यात अंतर होतं १८ मिनिटांचं, पण वयात अंतर होतं बारा वर्षांचं. फडेप्पांची खरी वर्षं १९२४ आणि १९२८ ची असायला हवी होती. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी भारताचा संघ गेला, त्यात त्यांचं नाव नव्हतं. मॅरेथॉन धावलेले महादेव सिंग २९ वे आले. फडेप्पा पुन्हा ऑलिंपिकला उतरलेच नाहीत. अठराव्या वर्षी मिळालेली संधी तीच पहिली आणि तीच शेवटची.

त्यांचा १९ वा क्रमांक किती मोठा होता, हे कळायला देशाला बरीच वर्षं लागली. पुढे १९७६ साली माँट्रियलला शिवनाथ सिंग ११ वे आले. तोवर ५६ वर्षं ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये फडेप्पांच्या पुढचा क्रमांक कुणाही भारतीयाला मिळाला नव्हता.

फडेप्पा १९५२ साली गेले. त्याच वर्षी कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीला कुस्तीत ब्राँझपदक आणलं. खाशाबा १९४८ ला लंडनला सहावे आले होते, दुसऱ्या वेळी पदक मिळालं. त्यांनाही दुसऱ्या वेळी जायला पैसे नव्हते, पण कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. फडेप्पांसाठी दुसऱ्या वेळी असं कुणी उभं राहिलं नाही. दोघांच्या गोष्टींतला फरक मला तरी एवढाच दिसतो.

१९५६ मध्ये राज्यांची फेररचना झाली, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. मग फडेप्पा कुणाचे, हाही प्रश्न आला. महाराष्ट्रात ते बेळगावचे म्हणून मागे पडले आणि कर्नाटकात मराठी मुलखातले म्हणून. खरं तर दोन्हीकडच्या शाळांत त्यांचा धडा असायला हरकत नव्हती.

आज सिल्वासा, खानवेल, तलासरी, जव्हार या पट्ट्यात वारली-कोकणा पोरं डोंगर चढत-उतरत शाळेत जातात आणि शाळेच्या शर्यतीत सहज पहिली येतात. इकडे बेळगाव-खानापूरकडेही तसंच. राज्य वेगळं, केंद्रशासित प्रदेश वेगळा, स्पर्धेचा फॉर्म वेगळा. पोरांचे पाय सारखेच. त्यांना पहिल्यांदा पळायला लावणारा गुरुजी बहुतेक ठिकाणी भेटतो. पोरगं वीस-बावीस वर्षांचं होईपर्यंत त्याच्या खुराकाचा, बुटांचा, प्रवासाचा खर्च कोण करणार, हे मात्र कुणी ठरवत नाही. सत्काराच्या शालीऐवजी तेवढं ठरवलं, तरी फडेप्पांची आठवण राखल्यासारखं होईल.