तोफ, पदक आणि दोन एकर जमीन

दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव ही नावे आपण मराठी माणसे अभिमानाने सांगतो. पण त्याच युद्धात तोच सन्मान मिळवणारे कॅप्टन उमराव सिंह आपल्या दिल्लीच्या अगदी शेजारचे, याची आपल्यापैकी अनेकांना कल्पना नसते. त्यांच्या आयुष्याची ही थोडक्यात ओळख.

उमराव सिंहांचा जन्म १९२० साली आजच्या हरियाणातील झज्जर जिल्ह्यातल्या पलडा या गावी शेतकरी कुटुंबात झाला. पुढे ते तोफखान्यात भरती झाले. डिसेंबर १९४४ मध्ये ब्रह्मदेशातील कलादान खोऱ्यात ते हवालदार म्हणून एका पहाडी तोफेचे प्रमुख होते. १५ आणि १६ तारखेच्या दरम्यान जपान्यांनी तोफा आणि उखळी तोफांचा दीड तास भडिमार केला आणि मग दोन कंपन्या त्यांच्या ठाण्यावर चालून आल्या. हातबॉम्बने जखमी होऊनही उमराव सिंहांनी जागा सोडली नाही. हल्ले होतच राहिले. शेवटी दारूगोळा संपला, तेव्हा त्यांनी तोफेची जड लोखंडी पहार उचलली आणि ते शत्रूला भिडले. मी रेल्वेत रुळांच्या कामावर असतो. पहार नुसती दिवसभर चालवली तरी धडधाकट गडी थकतो, हे रोज पाहतो. इथे तर माणूस रक्तबंबाळ होता! काही तासांनी ते तोफेजवळ बेशुद्ध सापडले. अंगावर सात गंभीर जखमा होत्या आणि आजूबाजूला दहा जपानी मरून पडले होते. तोफ मात्र शाबूत होती. त्याच दिवशी ती पुन्हा धडाडू लागली.

ऑक्टोबर १९४५ मध्ये लंडनच्या राजवाड्यात राजे सहावे जॉर्ज यांच्या हस्ते त्यांना पदक मिळाले. स्वातंत्र्यानंतरही त्यांनी सैन्यात सेवा केली आणि निवृत्त झाल्यावर ते पलड्याला वडिलोपार्जित दोन एकर शेतीवर परतले.

दोन एकरांत घर चालवणे किती अवघड, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्यांना वेगळे सांगायला नको. पदकाचा भत्ता होता वर्षाला अवघा १६८ पौंड. पदकाला मात्र हजारो पौंड देणारे ग्राहक होते. उमराव सिंहांनी ते विकले नाही. ते विकणे म्हणजे लढाईत पडलेल्या सोबत्यांचा अपमान, असे ते मानत. १९९५ साली युद्धसमाप्तीच्या सुवर्णमहोत्सवासाठी ते लंडनला गेले, तेव्हा भत्त्याची गोष्ट त्यांनी थेट पंतप्रधान जॉन मेजर यांच्या कानावर घातली. त्यानंतर भत्ता १,३०० पौंड झाला आणि त्याचा लाभ हयात असलेल्या इतर भारतीय मानकऱ्यांनाही मिळाला. आपल्या गरजेसाठी पदक विकायचे नाही, पण सर्वांच्या हक्कासाठी बोलायला कचरायचेही नाही, अशी त्यांची रीत होती.

२१ नोव्हेंबर २००५ रोजी दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्यांनी ना तोफ सोडली, ना पदक, ना जमीन. विघ्नहर्त्याच्या चरणी या शेतकरी जवानाच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!