भारतात कधी आलेच नाहीत, तरी खान्देशातून रेल्वे नेली! जूल्स व्हर्न यांची कहाणी

नशिराबाद : जळगाव-भुसावळ मार्गावर नशिराबादजवळ भादली स्टेशन लागतं. दीडशे वर्षांपूर्वी जूल्स व्हर्न या फ्रेंच लेखकाने आपल्या कादंबरीतला प्रवासी याच रेल्वेने खान्देशातून बऱ्हाणपूरकडे नेला. गंमत म्हणजे, स्वतः व्हर्न यांनी भारतात पाऊलही ठेवलं नव्हतं.

त्यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८२८ चा, फ्रान्समधल्या नांत शहरातला. वडील वकील. मुलानेही वकिली करावी, हा त्यांचा हट्ट. मुलगा कायदा शिकला, पण जीव लिखाणात. पुढे पोटासाठी शेअर बाजारात नोकरी केली. पहाटे उठून लिहायचं आणि मग कामाला जायचं. वाचनालयातली पुस्तकं, नकाशे, वर्तमानपत्रं हाच त्यांचा प्रवास. १८६३ मध्ये बलूनमधल्या सफरीची कादंबरी गाजली, तेव्हा कुठे नाव झालं.

ऐंशी दिवसांत जगाला फेरी मारण्याची गोष्ट १८७२ मध्ये वर्तमानपत्रातून रोज छापून येऊ लागली. त्यात बऱ्हाणपूरच्या पुढे रूळच संपतात आणि प्रवाशाला हत्ती विकत घ्यावा लागतो. प्रत्यक्षात मुंबई-कलकत्ता मार्ग १८७० लाच जोडला गेला होता!

त्यांच्या पाणबुडीचा कॅप्टन निमो तर १८५७ च्या उठावात इंग्रजांशी लढलेला बुंदेलखंडचा राजपुत्र निघतो.

१८८६ मध्ये पुतण्यानेच गोळी झाडली. पाय कायमचा अधू झाला. तरी लेखणी थांबली नाही. २४ मार्च १९०५ रोजी ते गेले.

'फास्टर फेणे'वाले भा. रा. भागवत यांनी त्यांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या. गावच्या वाचनालयात विचारून बघा.